बिनसाखरेच्या चहाची चिठ्ठी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी मोहोपाड्याकडच्या एका दवाखान्यात व्यायामोपचार शिकवायला लागले. शिकायला होत्या चौघी आरोग्यसेविका, सगळ्या आसपासच्या गावांतल्या. म्हातारी माणसं, दमेकरी, मधुमेही, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, अशांना कोणता व्यायाम किती द्यायचा, हे त्यांना शिकवायचं होतं. मी मुंबईच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. डोक्यात शिक्षणाचा ताठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. राग अजून तिथेच आहे, ताठा बराच उतरला.

माझा एक नियम होता. औषधासारखा व्यायामही चिठ्ठीवर लिहून द्यायचा. काय करायचं, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस आणि कधी थांबायचं, हे चारही लिहायचं. "जरा हिंडा-फिरा म्हणणं म्हणजे थोडं औषध घ्या म्हणण्यासारखं आहे," असं मी टेबलावर हात आपटून सांगत असे. सराव एकमेकींवर चालायचा. एक रोगी व्हायची, दुसरी तिला चालवायची. एकदा दमेकरी झालेल्या मुलीने इतकी हुबेहूब धाप लावली की शेजारच्या खोलीतून कंपाउंडर प्राणवायूचा सिलिंडर ढकलत आला. त्याचं तोंड बघून आम्हीच हसून हसून धापा टाकायला लागलो.

चौघींतली सगळ्यात धाकटी खालापूर बाजूच्या एका खेड्यातली होती. तिच्या वाट्याला तिच्याच गावचे एक म्हातारे आले. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, ताठ, परीटघडीचा पांढरा लेंगा-सदरा. सगळा गाव त्यांना बाबा म्हणायचा. मधुमेहाने त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट आधीच गेलं होतं. साखर अशीच राहिली तर पुढच्या खेपेला पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलीने चिठ्ठी लिहिली: कॅनव्हासचे बूट घालून, सपाट रस्त्याने, रोज सकाळी अर्धा तास चालणे, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर थांबणे. इतकी नेटकी चिठ्ठी की मी ती सगळ्यांना दाखवली.

महिन्याने बाबांची लघवी तपासली. त्या काळी निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. रंग निळाच राहिला तर उत्तम, हिरवा-पिवळा झाला तर साखर, विटकरी झाला तर साखरच साखर. बाबांची नळी विटकरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा विटकरी. मी मुलीवर उखडले.

"चालत नाहीत ते. तुला थापा मारतात."

"चालतात, बाई. मी रोज बगते."

"मग तू थापा मारतेस!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आठवलं की अजून माझी मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मीच त्या गावी गेले. बाबा झोकात निघाले. मी आणि ती मुलगी मागे, जरा अंतर ठेवून. गावात शिरून वीसेक पावलांवर पहिलं घर आलं आणि ओट्यावरून हाक आली.

"कुठं चाललाव, बाबा?"

आता गावात कामाशिवाय कोणी चालत नसतं. शेतावर, दळणाला, मयताला, माणूस कुठेतरी जातच असतो. उगाच चालणाऱ्याला काहीतरी झालंय असंच लोक धरून चालतात. बाबा ओशाळून म्हणाले, "नाय, हितंच."

"मंग बसा की. च्या घ्या."

बाबा बसले. चहा आला तो पाहुण्याला द्यायचा तसा, गोडमिट्ट. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. अर्ध्या तासात बाबा चालले असतील जेमतेम दहा मिनिटं, आणि चहा झाला पाच वेळा. ही सगळी आमच्या नेटक्या चिठ्ठीची कृपा.

पाचव्या ओट्यावरून ते उतरले तेव्हा मी त्यांना गाठलं आणि रस्त्यातच ओरडले, "पाऊल नकोय का तुम्हाला? नको म्हणायला काय होतं?"

बाबा रागावले नाहीत. मला बाजूला आंब्याखाली घेऊन गेले.

"बाई, आमी बौद्ध व्हायच्या आदीची गोष्ट. ह्याच ओट्यांच्या खाली लांब उन्हात उभा रायचो मी. च्या दिलाच तर करवंटीत, तोबी वरनं वतायचे. ओट्यावर बसून कपातनं च्या प्यायला माजी साठ वर्सं गेली. आता बसा म्हंतात, तर साखरंपायी नाय म्हनू? पाऊल गेलं तर जाऊ दे."

माझ्या चार गोष्टींच्या चिठ्ठीत याला कुठे जागाच नव्हती. बोलली ती धाकटी.

"बाबा, नाय म्हनायचंच कशाला? रोज बसायचं. फकस्त च्या बिनसाखरंचा. आन् बसलाव की हात न टेकता उठायचं. पाच येळा."

"बिनसाखरंचा मागू? नावं ठेवतो म्हंतील मला."

"तुमी नका मागू. मी सांगते."

ती घरोघर गेली. बायका काही केल्या ऐकेनात. दारी आलेल्याला फिका चहा दिला तर गावात तोंड कसं दाखवायचं? मग तिने बाबांना नव्हे, प्रत्येक घराला चिठ्ठी लिहून दिली: 'बाबांना चहा बिनसाखरेचा द्यावा.' खाली दवाखान्याचा शिक्का. शिक्क्यापुढे बायकांचा इलाज चालेना. मग तिने टेप घेऊन सगळे ओटे मोजले. उंच ओट्यावरून उठणं सोपं, बुटक्यावरून अवघड. पहिले पंधरा दिवस फक्त उंच ओट्यांवर उठबस, मग मधले, शेवटी बुटके. शिवाय दोन घरांमधलं चालणं झपाझप. व्यायाम हळूहळू कसा वाढवायचा हे मी दोन महिने फळ्यावर शिकवत होते, आणि या मुलीने ते आख्ख्या आळीत मांडलं! मी वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि तो तास तिलाच घ्यायला लावला.

औषध चालूच होतं, पण आता नळीचा रंग बदलायला लागला. आधी पिवळी, मग हिरवी. ज्या दिवशी ती निळीच राहिली त्या दिवशी आम्ही पाचही जणी टाळ्या वाजवत ओरडलो. पाऊल वाचलं होतं.

त्यानंतर लवकरच मी मुद्दाम त्या गावी गेले. वळणावर एक घर होतं, तिथून बाबांना कधीच हाक येत नसे. त्या घरच्या म्हाताऱ्या आजी गुडघ्यांनी बेजार होत्या आणि दारात बसून समोरच्या ओट्यावरची बाबांची उठबस रोज बघायच्या. त्या सकाळी त्यांनीच हाक मारली.

"अवो, ते उठायचं कसं, मला दावा की."

बाबा ओट्यावर चढले, हातभर अंतर ठेवून बसले आणि सांगायला लागले. पाय मागं घ्या, म्होरं वाका, आता उठा. आजी दोनदा अर्ध्या उठल्या आणि धपकन खाली बसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केला. बाबा त्या हाताकडे नुसते बघत राहिले.

"धरा की," आजी करवादल्या. "पडंन ना मी!"

बाबांनी हात धरला. आजी कण्हत कण्हत उभ्या राहिल्या.

"हां, हा येक झाला," बाबा म्हणाले. "आजून चार."