व्हर्ना स्टिकनी खाली उतरली

अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या ईस्ट कॅल्डरची गावसभा दर मार्चमध्ये भरते, आणि पंधराएक वर्षं तिची अध्यक्ष व्हर्ना स्टिकनीच होती. शाळेची बस चालवण्यात तिची हयात गेली. निम्मं गाव कधी ना कधी तिच्या बसमध्ये बसलेलं, त्यामुळे तिनं हातोडी आपटली की मोठमोठे बाप्ये गप्प होत. अध्यक्षानं कुणाची बाजू घ्यायची नाही, असा गावचा रिवाज. बोलायचंच असेल तर हातोडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, खाली लोकांत जाऊन बसायचं आणि त्या विषयाचा निकाल लागेपर्यंत वर चढायचं नाही. व्हर्ना कधीच उतरली नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता.

त्या वर्षी इराकच्या लढाईला दोन वर्षं होत आली होती. व्हर्नाचा मुलगा रसेल, एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, नॅशनल गार्ड या राज्याच्या अर्धवेळ फौजेतून तिकडे दुसऱ्यांदा गेला होता. माणसं पुरत नव्हती, म्हणून त्याच त्याच लोकांना बोलावणं येत होतं. व्हिएतनामनंतर बंद पडलेली सक्तीची भरती पुन्हा सुरू करावी, असं वॉशिंग्टनमध्ये काही जण म्हणत होते. गावानं त्याला पाठिंबा द्यावा, असा ठराव सभेपुढे होता. रसेलचा मुलगा कर्टिस नुकताच अठराचा झाला होता. भरती आली तर बाप घरी राहण्याची आशा होती, पण पोराचं नाव भरतीच्या सोडतीत जाणार होतं. रसेलची बायको गेल दुसऱ्या रांगेत बसली होती, आणि तिचं मत व्हर्नाला ठाऊक होतं.

सकाळ रस्ते सपाट करायच्या नव्या ग्रेडर यंत्रावरून भांडण्यात गेली. घेवडा आणि हॅमचं जेवण झाल्यावर ठराव आला.

सफरचंदांच्या बागेचा मालक एमस पेक उठला. "गावातून लढायला कोण गेलंय? सगळे आमच्या टेकडीवरचे. तळ्याकाठच्या बंगल्यांतून एक तरी गेलाय का? व्हिएतनामच्या वेळी माझं नाव सोडतीत निघालं, तेव्हा बँकवाल्याचा पोरगा माझ्या शेजारी रांगेत उभा होता."

"होता ना!" फिलिस ऑर्न म्हातारपणीही खणखणीत बोलायची. "आणि संध्याकाळी घरी आला. डॉक्टरला त्याचे तळपाय सपाट दिसले, म्हणून सुटला. तुझे दिसले नाहीत, एमस."

सभा खदखदून हसली.

"हसा," फिलिस म्हणाली, "पण हातात फुकटची पोरं आली की सरकार पुढची लढाई आणखी लवकर काढील."

मग तळ्याकाठचे वकील बेनेडिक्ट लॉफ्टन उठले. आवाज सौम्य होता. "अध्यक्षबाई, गेलेल्यांबद्दल मला आदर आहे. पण ते स्वखुशीनं गेलेत, सह्या करून. न केलेली सही दुसऱ्याच्या माथी का मारायची?"

"सही कशासाठी केली होती, ते विचारा आधी!" व्हर्ना वरूनच म्हणाली.

मागून एमसच ओरडला, "नियम, व्हर्ना! बोलायचंय तर खाली ये. मग मी तुझ्या बाजूचा का असेना."

व्हर्नानं हातोडी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या ऑर्व्हिल टेबरपुढे सरकवली.

"नक्की ना?" ऑर्व्हिल पुटपुटला. "पाणी पी, होशील शांत."

"घे म्हणते ना."

खाली एकच खुर्ची रिकामी होती, गेलच्या शेजारची. व्हर्ना तिथं उभी राहिली.

"रसेलनं सही केली ती पुराच्या वेळी वाळूची पोती उचलायला, आणि कॉलेजच्या फीसाठी. फी मिळाली. पोतीही उचलली त्यानं. आता तिकडे तो काय उचलतो, ते मला फोनवर सांगत नाही. ही लढाई गावाची असेल तर सोडत सगळ्या घरांतून निघू दे. नसेल, तर माझ्या पोराला परत आणा. मी ठरावाच्या बाजूनं आहे."

गेलनं मान वर केली नाही. "कर्टिसचंही नाव घालायचं ना त्यात?"

व्हर्ना तिच्याकडे वळली. "घालायचं. त्याला वगळलं तर मी आणि तो बँकवाला एकच."

ऑर्व्हिलनं ठरावाच्या बाजूनं असलेल्यांना उभं राहायला सांगितलं. व्हर्ना उभीच होती. गेल बसून राहिली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मग विरोधातले उठले. ते थोडेच जास्त भरले. ठराव पडला. व्हर्ना वर गेली, हातोडी घेतली आणि कुत्र्यांच्या परवान्याचा विषय पुकारला.

दाराशी गेलनं तिला गाठलं. "रविवारी रसेलचा फोन येईल. हे तुम्हीच सांगा त्याला. मी नाही सांगणार."

रविवारी गेलच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. व्हर्नानं सगळं सांगितलं, कर्टिसचं नावही.

"आई," रसेल म्हणाला, "मी असतो तर मीही बसूनच राहिलो असतो."

"तुला तिसऱ्यांदा पाठवतील, रसेल."

"पाठवतील. मला इथलं माहीत झालंय. पोराला काही माहीत नाही." मग म्हणाला, "गेल आहे का तिथं?"

व्हर्नानं रिसीव्हर सुनेच्या हातात दिला. आपलं मत चुकलं, असं तिला अजूनही वाटत नव्हतं. गेलचं बोलणं होईपर्यंत ती बाहेर जाऊन थांबली. परत आली तेव्हा टेबलावर तिच्यासाठी कॉफी ओतलेली होती, आणि गेल समोरची खुर्ची ओढून बसत होती.