माझ्या नावाचं औषध

महिना झाला. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून फोन आला, "आत्याबाई गेल्या." माझ्या नवऱ्याच्या आत्या, नव्वदी उलटलेल्या. फोन ठेवला आणि मला आधी हसू आलं, मग रडू... त्यांचं सगळं तसंच.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. आमचं घर नेवाशाजवळ. लग्नाला सात वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, म्हणून सासूबाईंनी ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघितलेली. पाडवा झाला की सुपारी फोडायची, इथवर आलेलं. तेवढ्यात आत्याबाई आल्या. झाडपाल्याचं औषध द्यायच्या. माझी नाडी धरली, आणि बघत बसल्या ह्यांच्याकडे!

"वैनी, हिला औषध हाय. खाजकुइलीच्या बिया आन् आस्कंदाची मुळी, दुधातनं. पन हिला सोसायचं न्हाई. नवऱ्यानं हिच्या नावानं प्यायचं."

"अवं वन्सं, दुखनं हिचं आन् औषध त्याला?"

"लेकासाठी तुमी सोमवार धरता. उपाशी तुमी, पुन्य त्याला. चालतंय न्हवं? मंग हे बी चालतंय."

नंतर न्हाणीपाशी मला गाठून पुटपुटल्या, "पोरी, तू ठणठणीत हायस. पन बाप्याला औषध म्हनलं, तर त्यो पेला फेकून दील."

पथ्यही माझ्या नावानं ह्यांनाच, तंबाखू बंद! हे नाक दाबून प्यायचे आणि गावभर सांगायचे, "बायकूसाठी सोसतोय."

सासूबाईंना मात्र संशय. एका दुपारी त्यांनी आत्याबाईंनी दिलेल्या शेंगांच्या पिशवीत हात घातला. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव ती! दिवस मावळेस्तोवर अंगाला शेण चोळत अंगणभर नाचत होत्या. "लई जालीम औषध हाय गं बाई!" एवढं मात्र पटलं, आणि सुपारी पुढं ढकलली.

पोळ्याच्या सुमारास मला दिवस गेले. औषधानं, तंबाखू सुटल्यानं, की नशिबानं, देव जाणे. सासूबाई म्हणाल्या, "आला हिला गुन!"

आत्याबाईंच्या दहाव्याहून परतताना मी ह्यांना म्हटलं, "ते औषध कुणासाठी होतं, सांगू का आता?"

"मला दुसऱ्याच घोटाला कळलं हुतं."

"आणि इतकी वर्षं गप्प?"

"आत्यानं माजी लाज झाकली, तुजं घर राखलं. मी कशाला पेला उपडा करू?"

"आत्याबाईंनी राखलं खरं. पण वांझ म्हणून मी ऐकून घेतलंय, तुम्ही नाही."

घरी आल्यावर हे सगळ्यांसमोर सुनेला म्हणाले, "दोष माज्यात हुता, बाळ. औषध मलाच हुतं."

सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अप्पा, अजून किती जपता हो आईंना!"

आत्याबाई, तुमचं औषध अजून उतरलेलं नाही.