आईला अडाणी ठरवणारा अर्ज

माझ्या आईवर अन्याय झाला. कधी, तेही सांगते. ताईचं बाळ त्रेपन्न दिवसांचं होतं त्या मंगळवारी, सकाळी अकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान, सिंगापूरच्या इमिग्रेशन ऑफिसातल्या एका काउंटरपुढे. अन्याय सरकारने केला नाही. मी केला. ताई सोबत होती, पण मजकूर माझा होता.

मी इथे पीएचडी करते आणि रविवारी पत्रकं लिहिते. बांधकामावरच्या मजुरांसाठी, घरकाम करणाऱ्या बायांसाठी. इथे राहायचा पास म्हणजे काय, मुदत कुठे बघायची, मालकाने पासपोर्ट काढून घेतला तर कुणाकडे जायचं. हिंदी आणि मराठी मजकूर माझ्याकडे असतो. चार वर्षं हे केल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला कळतं. मला तर फारच वाटायला लागलं होतं.

आई ताईच्या बाळंतपणाला आली. ताई आणि जिजू बुकित बातोकला राहतात, दोघंही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी. ताईला नववा लागलेला, पाय सुजलेले, म्हणून आईच्या येण्याचे सगळे फॉर्म मी भरले आणि ईमेलच्या रकान्यात माझा पत्ता घातला. आई विमानतळातून बाहेर पडली तेव्हा तिला किती दिवस राहता येईल ते सांगणारी मेल माझ्या इनबॉक्समध्ये येऊन पडली. मी ती उघडली नाही. वर दिसलेल्या दोन शब्दांवरून ठरवून टाकलं, पोचल्याची पावती असणार.

तीस दिवस होते. आई आल्यावर बाराव्या दिवशी बाळ झालं. आणि एकदा बाळ झालं की आमच्या घरात कॅलेंडर बदलतं. पाचवी, बारावा दिवस, सव्वा महिना. आल्या दिवसापासून कोण मोजतंय? सव्वा महिना बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, आईने तिला सोडून हलायचं नाही. शेक, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ. शेजारच्या चिनी आजींनासुद्धा हे पटलं, त्यांच्याकडेही महिनाभर असंच असतं म्हणे. तिसावा दिवस उजाडला तेव्हा बाळ अठरा दिवसांचं होतं. त्या दिवशी आम्ही काय केलं मला आठवतसुद्धा नाही.

आईने मात्र विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा ती आल्यावर आठवड्याभराने. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या टेबलाशी बसलो होतो, ती चहा फुंकत होती. "माझी तारीख कधीची गं?"

"दोन वर्षांचा व्हिसा आहे तुझा. बिनधास्त राहा."

"तो आत यायचा झाला. राहायचं किती दिवस?"

"आई, तेच ते."

"तेच कसं असेल? परवाना वेगळा, मुदत वेगळी."

तेव्हा मी म्हणाले, "अगं, मी हेच काम करते."

हे वाक्य मला आता अंघोळ करताना आठवतं, बसमध्ये आठवतं. कुणाला म्हणाले मी हे? आई एकतीस वर्षं तहसील कचेरीत होती, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली. मुदत संपलेला दाखला ती हातात न घेता, टेबलावर पडलेला बघून ओळखायची. दुसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी फोनवर होते. हाताने थांब म्हटलं आणि नंतर विसरले.

सव्वा महिना संपला. ताईला परत कामावर जायचं होतं आणि बाळ आईच्या अंगावर झोपायला शिकलं होतं, खाली ठेवलं की रडायचं. ठरलं की आईसाठी लाँग टर्म पास, म्हणजे लांब मुक्कामाचा परवाना मागायचा. पीआर मुलीला आईसाठी तो मागता येतो. आईचीही इच्छा होती. बाबा गेल्यापासून ती घरात एकटी असते. तसं ती कधी म्हणत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "मिळाला तर बरं होईल. स्वयंपाक करायला माणसं तरी असतील."

अर्ज भरताना एका रकान्यात सध्याच्या मुदतीची शेवटची तारीख मागितली होती. मी मेल शोधली. उघडली. वाचली. ताईने विचारलं, "काय झालं?" मी मेल तिच्यापुढे धरली. मुदत संपून महिना उलटला होता.

इथे मुदतीबाहेर राहणं हा गुन्हा आहे, आणि ते पत्रकात मीच लिहिते.

आता काय करायचं? खरं लिहायला हवं होतं: मेल माझ्याकडे आली, मी वाचली नाही, आईने विचारलं तर उडवून लावलं. तीन ओळी. त्या मला लिहवल्या नाहीत. विद्यापीठाला कळलं तर, माझ्या पासवर आलं तर, रविवारच्या मंडळींना कळलं तर. शिवाय मला दुसरं काहीतरी फार चांगलं लिहिता येत होतं. मी इंग्रजीत लिहिलं की अर्जदार महिला वृद्ध आहे, अल्पशिक्षित आहे, तिला इंग्रजी वाचता येत नाही, परक्या देशातले नियम तिला समजले नाहीत, तरी सहानुभूतीने विचार व्हावा. अशी वाक्यं मी दुसऱ्यांसाठी इतकी लिहिली आहेत की ती झरझर येतात.

ताईने वाचलं. "आईला दाखवायचं?"

"कशाला उगाच. तिला वाईट वाटेल."

"अल्पशिक्षित?"

"लोकांना कणव यावी लागते, ताई. असंच लिहितात."

आईची सही लागणार नव्हती. अर्ज ऑनलाइन होता, पत्र जोडलं आणि बटण दाबलं. दोन दिवसांनी ऑफिसात बोलावणं आलं. वाटेत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी आईला सांगितलं की तिथे तू काही बोलू नकोस, इंग्रजी येत नाही असं दाखव, मी भाषांतर करते. आई खिडकीबाहेर बघत होती.

"म्हणजे वेड पांघरायचं?"

"थोडा वेळ."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

काउंटरवरची बाई चाळिशीची, मलय असावी, आवाज मऊ. ती आईशी सावकाश इंग्रजीत बोलायची, मी मराठीत सांगायचे, आई मराठीत उत्तर द्यायची. प्रत्येक प्रश्न आईला आधीच समजलेला असायचा आणि प्रत्येक वेळी ती माझं भाषांतर संपेपर्यंत थांबायची. फार चोख थांबायची. मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

मग त्या बाईने माझ्या पत्राची छापील प्रत जोडलेला जबाबाचा कागद पुढे केला आणि शाईचा पॅड उघडला. "सही की अंगठा, ऑंटी?"

मी म्हणाले, "अंगठा."

आईने अंगठा पुढे केला. एकतीस वर्षं तिने लोकांचे अंगठे धरून कागदावर टेकवले होते. म्हाताऱ्यांचे, विधवांचे. शाई पुसायला ती ड्रॉवरमध्ये स्वतःचं फडकं ठेवायची. आता तिचा अंगठा पॅडवर होता आणि मी बाजूला उभी होते.

त्या बाईने आईचा पासपोर्ट उघडला होता. तिने पासपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पासपोर्टवर आईची सही आहे, कचेरीतली, खाली रेघ ओढलेली.

"ऑंटीला सही येते की," ती म्हणाली. आवाज आता मऊ नव्हता आणि तो माझ्यासाठी होता.

आईने अंगठा रुमालाला पुसला. मग तिच्या त्या सरकारी इंग्रजीत, एक एक शब्द वेगळा करत म्हणाली, "मॅडम, प्लीज रिटर्न द लेटर. आय विल राइट."

ती बाकावर बसून स्वतः लिहीत होती, मांडीवर पर्स ठेवून. सहा ओळी. मी वाचल्या. तारीख माहीत करून घेणं माझं काम होतं, मी मुलींवर विसंबले, चूक माझी आहे, असं लिहिलं होतं. माझं नाव त्यात नव्हतं. मी म्हणाले, "आई, अगं माझं लिही." तर म्हणाली, "गप बस. आधीच मला अंगठेबहाद्दर केलंस, आता मला मजकूर सांगू नकोस."

मीच उठून काउंटरवर जाऊन सांगू शकत होते. तेवढी पंधरा पावलंसुद्धा मी चालले नाही.

समज दिली आणि देश सोडायला सात दिवस दिले. पासचा अर्ज बंद झाला, परत करायचा तर तिकडे जाऊन करा म्हणाले. त्या सात दिवसांत आईने ताईला बाळाची अंघोळ शिकवली. ताई बाळाला बोटांच्या टोकांनी धरायची. आई ओरडायची, "अगं धर नीट, दाखला नाहीये तो." जिजू हसायचे. मी त्या आठवड्यात तिच्याशी बाजाराच्या यादीखेरीज काही बोलले नाही.

नवा अर्ज ताईने केला, सगळं खरं लिहून. गेल्या आठवड्यात उत्तर आलं: नामंजूर. कारण ते देत नाहीत. मुदतीबाहेर राहिल्यामुळे असेल. पण काउंटरवर परत मिळाली ती फक्त छापील प्रत होती. माझं ऑनलाइन पत्र त्यांच्याकडे अजून आहे, त्यात आई अडाणी आहे आणि खाली तिचं नाव आहे. खोटं बोलणारी बाई म्हणून त्यांनी कुणाची नोंद केली असेल? माझी तर नक्कीच नाही.

फोन केला तेव्हा आई म्हणाली, "जाऊ दे. बाळ आता पालथं पडतं का?" मी हो म्हणाले. तिने विचारलं, कुठल्या बाजूला. मला माहीत नव्हतं.

तुम्ही हे वाचताय आणि तुमच्याही घरी कुणाची तरी आई आलेली आहे, बेडोकला, मरीन परेडला, कुठेही. तिच्या नावाने तुम्ही काहीतरी लिहिलेलं आहे. आज ते छापा आणि तिच्या हातात द्या. भाषांतर करू नका, समजावू नका. ती खोडेल ते खोडू द्या. आणि चूक तुमची असेल तर तिच्यावर सही करायची वेळ येण्याआधी उठा, काउंटरपर्यंत चालत जा आणि स्वतःचं नाव सांगा.