मेश्रामबाईंची मागची रांग

लखनऊच्या महानगर भागातल्या घरी आम्ही राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. टेम्पोतून कपाट उतरत होतं, मी घामाघूम, आणि वरच्या मजल्यावरून एक ठेंगणी बाई तरातरा खाली आली. तिनं सरळ माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि विचारलं, "आज क्या खाके निकले?" मी चाळिशीची, विद्यापीठात शिकवणारी, दोन मुलांची आई! पण त्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्यानं सांगून टाकलं, "ब्रेड." तेवढ्यात आतून नवरा ओरडला, "अगं, पाना कुठं ठेवलायस?" आणि बाईंचा चेहरा एकदम फुलला. "अव माय! आपलेच लोक हायेत काय?" म्हणाल्या आणि आल्या पावली वर जाऊन पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या.

या मेश्रामबाई. मूळच्या भंडाऱ्याच्या. नवरा रेल्वेत, म्हणून लग्नानंतर लखनऊला आल्या. तो लवकर गेला. बाई इथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत शिकवत राहिल्या, एका मुलीला वाढवलं, तिचं लग्न नागपुरात करून दिलं. शाळेत त्यांच्याकडे बालवाटिका होती, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. तो वर्ग कुणालाच नको असतो. नाकं पुसा, चड्ड्या बदला, रडणाऱ्याला कडेवर घ्या. बाईंनी तो मागून घेतला होता. "मोठ्या लेकरांले कोनीही शिकवते जी," त्या म्हणायच्या, "या लहानग्यांले कोनीतरी पाहाले लागते."

हनुवटीचा प्रकार तिथलाच. रोज सकाळी बाई वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या. प्रत्येक पोराची हनुवटी धरून विचारायच्या, आज क्या खाके आए? उत्तर मिळाल्याशिवाय पोर आत जात नसे. एकदा मी मुलाच्या जुन्या रंगपेट्यांचा ढीग द्यायला गेले होते, तेव्हा पाहिलं. कुणी म्हणे पराठा, कुणी चाय-पापे, म्हणजे चहा-टोस्ट, एक म्हणे "डाँट". बाईंनी त्याला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. "दोन शब्द बोललं ना लेकरू, का सारं समजते," त्या मला म्हणाल्या. "ताप हाय का, मार खाल्ला का, घरी चूल पेटली का नाही." तेव्हा वर्गात वीस-बावीस मुलं होती. प्रार्थनेची घंटा होईपर्यंत सगळी आत जात.

मग जवळची एक शाळा, मुलं कमी म्हणून, बंद करून बाईंच्या शाळेत मिसळली. मुलं आली, तिथली शिक्षिका मात्र दुसरीकडे गेली. बाईंच्या एका खोलीत साठाच्या वर पोरं झाली. दारातली रांग पार हातपंपापर्यंत जायला लागली, प्रार्थना होऊन जायची तरी निम्मी पोरं बाहेरच. मुख्याध्यापिकेनं दोन-चार दिवस पाहिलं आणि सांगितलं, "मैडम, ये पूछताछ बंद कीजिए, सीधे अंदर बिठाइए." बाईंनी बंद केलं. संध्याकाळी जिन्यात बसून मला सांगत होत्या, तर मी काय म्हणावं? म्हटलं, "बाई, माझ्या वर्गात शंभर असतात. माइक घेते आणि सुरू करते."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपापलेच. "ताई, तुमचे पोट्टे कंटाळले त उठून चालले जातात. माह्या लेकराले शू लागली तरी सांगता येत नाही."

 

साठ मुलांना सांभाळायचं म्हणजे एकच उपाय, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. अ से अनार, आ से आम. बाई बोलणार, पोरं ओरडणार. दंगेखोर पोरं पुढं, हाताशी, आणि शहाणी पोरं मागं. अशा वर्गात दुसरं करणार काय? मागच्या रांगेत, मागच्या दाराशी बसायची मुस्कान. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर प्रेसचा, म्हणजे इस्त्रीचा, ठेला लावते त्या बाईची मुलगी. मीही तिला रोज पाहायचे, ठेल्याखाली बसून खडे मांडत असायची. बाई तिच्यावर भलत्या खूश. "एक हाय माही मुस्कान, आवाज नाही का कुरकुर नाही. साऱ्यांसंगं तोंड हालवते, हात वर म्हटलं का हात वर. साऱ्या वर्गाले सांगतो मी, देखो, मुस्कान कैसे बैठी है!" महिन्याच्या शेवटी शहाण्या मुलाला बाई कागदाचा मुकुट घालायच्या. मुस्काननं तो दोनदा घातला.

शाळेचं सेशन संपत आलं होतं. बुधवार होता, शाळेच्या जेवणात तहरी, म्हणजे मसालेभात. स्वयंपाकवालीच्या हातून रिकामा भगोना, म्हणजे मोठं पातेलं, निसटला आणि वऱ्हांड्याच्या फरशीवर, मागच्या दारातच, असा काही आदळला की अख्खी शाळा दचकली. साठ पोरं एकदम किंचाळली, दोन-तीन रडायलाच लागली. भगोना गडगडत मुस्कानच्या पाठीशी येऊन थांबला. मुस्कान खाली मान घालून खडे मांडत होती. शेजारची पोरगी उठून पळाली, तेव्हा तिनं वर पाहिलं आणि सगळे उठलेत म्हणून तीही उठली.

बाईंनी हे मला त्याच संध्याकाळी सांगितलं. "मी मागून गेली ताई. टाळी वाजवली. नाव घेतलं. मग पायानं बाक वाजवला. तिनं पाहिलंच नाही." त्या जिन्यातच बसल्या होत्या, पर्स अजून खांद्याला. "माय वं, मी त्या लेकराले मुकुट घालत होती!"

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाला दांडी मारली आणि गाडी काढली. मुस्कान, तिची अम्मी, बाई आणि मी, अशा सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टर पोरसवदा होता, पण चांगला होता. कानात वर्षभरापासून पू साठत राहिला होता, असं त्यानं सांगितलं. दोन्ही कानांना मशीन लागेल, बोलणं नीट यायला वेळ लागेल, सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. मग सहज, लिहिता लिहिता, त्यानं विचारलं, "स्कूल में किसी ने ध्यान नहीं दिया?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. बाई म्हणाल्या, "स्कूल मैं ही हूँ, डॉक्टर साहब."

परतताना गाडीत मुस्कानची अम्मी पदर तोंडात धरून रडत होती. "हम तो समझे जिद्दी है. बुलाओ तो आती नहीं थी, इसलिए मारते थे." बाईंनी तिचा हात धरला. घरी आल्यावर मला मराठीत म्हणाल्या, "तिनं मारलं, मी शाबासकी देल्ली. दोघींनी एकच काम केलं, ताई. निदान तिनं हाक त मारली होती."

मी काय काय नाही सांगितलं त्यांना! की साठ पोरांत कोण पाहणार. की चूक ज्यांनी साठ पोरं एका खोलीत कोंबली त्यांची. की तुम्ही नसता तर अजूनही कळलं नसतं. हे सगळं खरं होतं, आजही मी तेच म्हणेन. बाई ऐकून घ्यायच्या, चहाचा कप बशीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "साठ असो का सहा, तिची बाई मीच ना जी?" मला एकदा रागच आला. म्हटलं, "बाई, उगाच जिवाला लावून घेताय. तुम्ही काय देव आहात?" तर म्हणाल्या, "देव कुठून आनता मधात? मी पगार घेतो पाहाचा."

त्या खंड शिक्षा अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गेल्या, वर्गाचे दोन भाग करा म्हणून. साहेबांनी चहा पाजला. म्हणाले, मैडम, कमरा मिले तो टीचर नहीं, टीचर मिले तो कमरा नहीं, और आपका तो अगले साल रिटायरमेंट है, क्यों परेशान होती हैं? बाई परत आल्या आणि नव्या सेशनला वर्ग उलटा बसवला. गप्प पोरं पुढं, दंगेखोर मागं. मग काय विचारता! मागं नुसती कुस्ती. मुख्याध्यापिका दिवसातून तीनदा येऊन ओरडायची. "दंगा करते ते लेकरू चांगलंच असते," बाई मला सांगायच्या, "त्याचं मले टेन्शन नाही." मधल्या सुट्टीत त्या आपला डबा उघडून दोन-तीन गप्प पोरांना घेऊन बसायच्या आणि एकेकाला बोलतं करायच्या. घरी डबा तसाच यायचा. वर्षभरात बाई अर्ध्या झाल्या.

मुस्कान पहिलीत गेली होती. आठवड्यातून दोन दुपारी बाई तिला रिक्षानं स्पीच थेरपीला न्यायच्या. अम्मीनं ठेला सोडायचा नाही, हे बाईंनीच ठरवलं होतं. मुलगी बाईंवर जीव टाकायची. त्याचाच बाईंना जास्त त्रास होई. "ते माह्या गळ्यात पडते ना ताई, तव्हा वाटते, हिले अजून समजलं नाही. मोठी झाली का समजन." आमचा धाकटा एकदा म्हणाला, "आंटी, आप सॉरी बोल दो ना, सिंपल." आम्ही त्याच्याशी मराठीत बोलतो आणि तो हिंदीत उत्तर देतो, तशातला. मी त्याला दटावलं. बाईंनी मात्र ते मनात ठेवलं असावं.

रिटायर झाल्यावर बाई नागपूरला लेकीकडे निघाल्या. चारबाग स्टेशनवर आम्ही सगळे सोडायला गेलो. मुस्कान आणि तिची अम्मीही आल्या. त्या स्टेशनची गर्दी काय सांगावी, कुलींची ओरड, चहावाले, वर भोंग्यातून घोषणा, माझ्याच कानाला काही ऐकू येईना. गाडी लागली, सामान चढवून झालं, तरी बाई खालीच. शेवटी त्या मुस्कानसमोर फलाटावर बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "बेटा, मैडम से बहुत बड़ी गलती हुई. मुझे माफ कर दे."

थेरपीवाल्या मॅडमनी मुस्कानला शिकवलं होतं, ऐकू आलं नाही तर नुसती मान हलवायची नाही, पुन्हा बोलायला सांगायचं. ती आपल्या जड जिभेनं म्हणाली, "फिर से बोलिए."

बाईंनी पुन्हा सांगितलं. नेमकी वर घोषणा झाली. मुस्काननं कानावरचं मशीन हातानं चाचपलं आणि म्हणाली, "फिर से बोलिए."

मला वाटलं, आता बाईंना उठवावं. अम्मीही पुढं झाली, "रहने दीजिए मैडम जी." बाईंनी तिला हातानं थांबवलं. मग छाती भरून त्या ओरडल्या, "मुझसे गलती हुई, मुस्कान! मैंने तुझे देखा नहीं! मुझे माफ कर दे!" एक कुली डोक्यावरच्या बॅगांसकट थांबला. खिडक्यांतून माणसं डोकावली. माझा धाकटा माझ्यामागं लपला.

मुस्कानचा चेहरा असा उजळला! तिनं टाळीच वाजवली. "सुन लिया!" ती म्हणाली, आणि वळून आईला सांगायला लागली, "अम्मी, हमने सब सुन लिया!" एवढ्या गोंगाटात आपल्याला ऐकू आलं, याचाच तिला आनंद. काय ऐकलं, ते तिच्या गावीही नव्हतं. बाईंनी तिला पोटाशी धरलं. गाडी हलली तेव्हा मी आणि अम्मीनं दोन्हीकडून धरून बाईंना डब्यात चढवलं.

माफ केलं की नाही, ते मुस्काननं सांगितलंच नाही, आणि बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.