दसऱ्याआधीचं तिकीट

आमच्या नागपूरच्या बेसा भागातल्या फ्लॅट स्कीममध्ये आम्हाला 'अमेरिकावाले' म्हणतात. खरं तर अमेरिकेत राहते ती माझी बहीण, आणि दर उन्हाळ्यात तिच्याकडे जाते ती माझी माय. मी स्वतः आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो आणि पूर्वेला रायपूरच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. तरी हे नाव मी पडू दिलं. मला ते सोयीचं होतं.

आमच्या दारावर आडनावाची पाटी नाही, फक्त फ्लॅटचा नंबर आहे. लिफ्टमध्ये कोणी "मूळचे कुठले तुम्ही?" विचारलं की मी म्हणायचो, "कोराडी. बाबा वीज केंद्रात होते." यानंतर आपल्याकडे आडनावाचा प्रश्न येतोच. तो यायच्या आत मी बहिणीकडच्या थंडीचं काढायचो. तिकडे एप्रिलमध्येही बर्फ पडतो म्हणे, वगैरे. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत बर्फ पुरायचा.

आम्ही बौद्ध. छप्पन साली माझ्या आजोबांनी इथेच, नागपुरात, दीक्षा घेतली. एवढं एक वाक्य मला लिफ्टमध्ये कधी म्हणता आलं नाही.

मायचं जाणं-येणं बाबा गेल्यावर सुरू झालं. त्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि बहिणीने फोनवर फर्मान काढलं, "पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ती माझ्याकडे." टुरिस्ट व्हिसा काढला. तिकडे उतरलं की विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळतो. मग तिचं जाणं हा आमच्या घरातला एक ऋतूच झाला. लोक कूलरमध्ये नवीन खस भरतात, त्या आठवड्यात आमच्याकडे मायच्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. चौदा एप्रिलची मिरवणूक पाहिली की ती विमानात बसायला मोकळी.

तिकडे ती सुखात असते, हे आधी सांगून टाकतो. नातीला वऱ्हाडी शिकवते. अंगणात सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावते. तिच्या हातच्या कुरडया वाळायला तिकडचं ऊन पुरत नाही, म्हणून त्या देशावर थोडी नाराज असते. तक्रार तिची एकच, आणि ती माझ्याकडे.

"दसऱ्याच्या आधीचं काढजो गा तिकीट," ती दर वर्षी जाताना म्हणायची.

"हो माय."

आणि ओळीने तीन वर्षं मी दसरा उलटल्यावरचं काढलं. विचारलं की कारण तयार असायचं. आधीचं भेटलंच नाही. इतक्या लांब गेल्यावर सहा महिने वसूल करूनच यायला पाहिजे. नातीची शाळा नुकतीच लागली, बहिणीला मदत होईल. एकही कारण धडधडीत खोटं नव्हतं. म्हणूनच ती चालली.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येतात. कोराडीच्या कॉलनीतल्या बाया त्यांच्यासाठी पुरी-भाजीचा स्टॉल लावतात, माय लग्न होऊन आली तेव्हापासून. बाबा भट्टी सांभाळायचे. भाजीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, मायच्या ताब्यात. त्यात मीठ टाकायचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. वर्षभर गुडघे धरून बसणारी माझी माय त्या दिवशी हातभर लांब झारा घेऊन उभी असायची, आणि पोरांना ओरडून ओरडून दुपारपर्यंत तिचा आवाज बसायचा.

आम्ही बेसाला राहायला आलो त्या वर्षीचा दसरा लवकर सांगून टाकतो, कारण त्याबद्दल मी बरीच वर्षं कोणाला बोललो नव्हतो. मायने ठरवलं की स्वयंपाक आपल्या पार्किंगमध्ये करू, कोराडीपेक्षा इथून दीक्षाभूमी जवळ पडते. सकाळी बाया आल्या. पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या, डोक्यावर पराती, गळ्यात निळे दुपट्टे. मी सिलिंडर उतरवत होतो. पाचव्या मजल्यावरचे काका फिरून येत होते. ते थांबले.

"ह्या सगळ्या कोण?"

मी म्हटलं, "आईच्या ओळखीच्या आहेत. कुठल्यातरी मंडळाच्या."

सिलिंडर ठेवला आणि वर निघून आलो. जाताना मागे पाहिलं. ज्या मावशीच्या घरी मी शाळेतून येऊन रोज जेवायचो, ती कांदे चिरत तिथेच बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत कांदे चिरायला लागली. मायला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षापासून मी मायचं तिकीट उशिराचं काढायला लागलो.

तीन दसरे गेले. माय तिकडून व्हिडिओ कॉल लावायची आणि कोराडीच्या बायांना फोनवरून भाजीचा रंग विचारायची.

मग तिच्या व्हिसाची मुदत संपली. नवा काढायचा तर मुंबईला अमेरिकन वकिलातीत, काचेच्या खिडकीपुढे मुलाखत. सीताबर्डीच्या एजंटने फाइल जाड केली आणि मला बजावलं, "आजीने फक्त फिरायला जाते म्हणायचं. गेली तीन वर्षं सहा-सहा महिने राहिल्या आहेत, ते लोक त्याच्यावरच पकडतात. घाबरल्या तर गेलं समजा." माय म्हणाली, मी एकटी काचेपुढे उभी राहत नाही, तूही चाल, तूही अर्ज भर. म्हणून माझाही अर्ज भरला.

दोन आठवडे मी जेवणाच्या टेबलावर तिची तयारी करून घेत होतो.

"माय, काहून चालली म्हणून विचारलं तर?"

"फिरायले."

"काय काय पाहिलं?"

"काय पाहिलं? त्या पोरीच्या घराच्या गल्लीत चार चकरा. एक दुकान, त्याच्यात भेंडी भेटते, पण जून भेटते."

"माय, असं नको न म्हणू!"

"मंग काय म्हणू? तूच जाय अन् तूच म्हण."

परत येण्याचं कारण विचारलं तर बाबांचं पेन्शन आणि फ्लॅटचे कागद पुढे करायचे, असं मी शिकवलं होतं. तिने ते पाठ केलं, पण शाळेतल्या पोरासारखं, वर पाहत.

मुंबईला आमचा नंबर आला तेव्हा काचेपलीकडे एक गोरी, तिशीतली बाई होती. हिंदी चांगलं बोलत होती. मायला पाहून हसली. त्या हसण्याने मायचं सगळं पाठांतर धुऊन गेलं, मला तिथेच कळलं.

"माताजी, आप हर साल जाती हैं. तीन साल से पूरे छह महीने. इतना क्यों रहती हैं?"

मी कोपराने फाइल पुढे सरकवली. मायने ती हाताने बाजूला केली आणि माइकजवळ तोंड नेलं.

"मैं कहां रहती बाई! मेरेको तो दसरे के पहले आना रहता. ये," तिने माझ्याकडे बोट केलं, "ये लेट का तिकीट निकालता."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाईने कीबोर्डवरचा हात उचलला.

"दसरे पे क्या होता है?"

मग मायने सांगितलं. मला शिकवता आलं नसतं असं सांगितलं. दीक्षाभूमी, लांबून चालत आलेली माणसं, पाय सुजलेल्या म्हाताऱ्या, लेकरं, आणि तिचा गंज. "उनको गरम पुरी देना पडता. ठंडी पुरी अपन खुद खाते क्या? मेरे सिवा भाजी बराबर होतीच नहीं. तीन साल से पानी जैसी करके रखी इन बाइयों ने." हाताने तिने झाऱ्याची लांबी दाखवली, तर काचेवर बोटं आपटली.

बाईने माझ्याकडे पाहिलं. आवाज मऊ होता, प्रश्न साधा.

"आप लेट का टिकट क्यों निकालते हैं?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तीनही वापरून वापरून गुळगुळीत झालेली. माय माझ्याकडे पाहत होती. तिलाही खरंच जाणून घ्यायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती इतकी वर्षं माझ्यावर विश्वास ठेवून होती.

"शरम आती थी," मी म्हणालो.

"किस बात की?"

"हमारे लोग बिल्डिंग में आते थे. पडोसियों को पता चलता, हम कौन हैं."

माइक चालू होता. माझा आवाज मलाच काचेपलीकडून ऐकू आला. त्या बाईला किती कळलं कोण जाणे. तिने काहीतरी टाइप केलं, आमचे पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेतले, आणि म्हणाली, "दोनों का वीज़ा मंज़ूर है. माताजी, इस बार दसरे से पहले लौट आइए."

"ये तिकीट निकालेगा तो आऊंगी न," माय म्हणाली.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे सावली होती, तिथे माय पिशवी खाली ठेवून उभी राहिली. मी वाट पाहत होतो. ती रडेल असं वाटलं, किंवा मला मारेल. लहानपणी मारायची.

"तुह्या बापाच्या नाकातोंडात राख जायची," ती शेवटी म्हणाली. "कोराडीची राख. घरी आला की खाकरून खाकरून जीव जायचा. पण दसऱ्याले भट्टीपाशी कसा बसायचा, माहीत आहे न? मालक बसते तसा. अन् तुले शरम आली."

"हो माय."

"हो काय हो! आता स्वयंपाक आपल्याच पार्किंगात. अन् गंज तू घासशीन. सगळे. खालीच, लोकायच्या समोर."

"घासतो."

"चाल मंग, चहा पाज. त्या काचवाल्या बाईले पण पाजाले पाहिजे होता."

मी हसलो. तीही हसली, पण उशिरा, चहा अर्धा झाल्यावर.

त्या वर्षीही ती एप्रिलमध्ये गेली. ती जायच्या आधीच मी परतीचं तिकीट तिच्या हातात ठेवलं, दसऱ्याच्या पुष्कळ आधीचं. बहीण फोनवर कुरकुरली, "अरे, शाळा तेव्हाच लागते, मी एकटी काय करू?" मी तिला सगळं सांगितलं, पार्किंगपासून काचेपर्यंत. ती म्हणाली, "मले आधी काहून नाही सांगितलं गा?" त्यानंतर तिने तारखेबद्दल एक शब्द काढला नाही. सप्टेंबरमध्ये मायला विमानतळावर घ्यायला गेलो तेव्हा तिच्या बॅगेत नातीने रंगवलेलं एक निळं कापड होतं, स्टॉलवर लावायला.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज मीच टाकला. फार लांब लिहिला नाही. 'आम्ही बौद्ध आहोत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी आमच्याकडून जेवण असतं. स्वयंपाक सकाळपासून पार्किंगमध्ये होईल. गाड्या आदल्या दिवशी बाहेर लावल्यास मदत होईल. जेवायला सगळ्यांनी यावं.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. पाठवलं आणि फोन गादीखाली टाकून आंघोळीला गेलो. परत येऊन पाहिलं तर काही अंगठे, एकीचा 'पाण्याची टाकी रिकामी होऊ नये' असा इशारा, आणि पाचव्या मजल्यावरच्या काकांचं 'गाडी काढतो.'

दसऱ्याच्या सकाळी कोराडीहून टेम्पो आला. मावशी उतरली, आता काठी घेऊन. काका तेव्हाच फिरून येत होते. तेच बूट, तीच वेळ. ते थांबायच्या आत मी तिचा हात धरला.

"काका, ही माझी मावशी. हिच्या घरी जेवून मी मोठा झालो."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मागच्या वेळसारखंच पाहिलं, पण नजर लवकर काढली नाही. "वाळला किती हा," ती काकांना म्हणाली, "माय जेवू घालत नाही वाटते." आणि काठी टेकत कांद्यांच्या ढिगाकडे गेली.

काही वेळाने दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम खाली आल्या. चार वर्षांची ओळख, म्हणजे लिफ्टमधली. त्यांनी पांढरी साडी नेसली होती. त्या खाली बसल्या आणि पुऱ्या लाटायला लागल्या. मायने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"कुठल्या वं तुम्ही?"

"उमरेडच्या."

"आपल्याच?"

"हो आई."

"मंग इतके दिवस वर बसून काय करून राहिल्या होत्या?"

त्या मॅडमही माझ्यासारख्याच बर्फाच्या गोष्टी सांगत असतील, दुसऱ्या कुठल्यातरी. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. दोघांनाही हसू आलं होतं.

भाजीला मीठ मायने टाकलं. चाखून पाहिलं, डोळे मिटले, आणि जोरात ओरडली, "चला उचला!" दीक्षाभूमीच्या रस्त्यावर तिच्या गंजापुढे रांग लागली ती ऊन उतरेपर्यंत हटली नाही. निळ्या कापडावर नातीने काढलेलं चाक जरा वाकडं होतं. लोक त्याच्यासोबत फोटो काढत होते. मायचा आवाज दुपारपर्यंत बसला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मी सगळे गंज ओळीने मांडले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घासणी घेतली. बिल्डिंगमधली माणसं येत होती, जात होती. कोणी "जय भीम सर" म्हणत होतं, कोणी नुसतं हसत होतं, एकीने टाकीची आठवण पुन्हा करून दिली. माय प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. बसलेल्या आवाजात, पण सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"गंजाच्या बुडाले पण घास गा. पुढच्या साली पण हाच लागते."