पेन्सिलीचे ठिपके

अंबुजाला जाऊन आता अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत जो भेटायला आला त्याच्याशी मी तिच्याविषयी बोललो आहे — तिची शाळा, तिचा विसरभोळेपणा, शेवटचं आजारपण, सगळं. एक गोष्ट मात्र दर वेळी ओठांपर्यंत आली आणि मी चहा विचारला. ती हयात होती तेव्हाही कुणाजवळ बोललो नाही. आणि खरं म्हणजे ती तिलाच सांगायची होती. तुमची-माझी ओळख नाही. म्हणूनच कदाचित जमेल. सावकाश लिहितो, चालेल ना?

अंबुजा तंजावरकडची. तिचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तमिळ मुलखात मराठी बोलत राहिले. मी मिरजेचा, रेल्वेच्या नोकरीनं चेन्नईला आलेला. लग्न ठरवायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिचे वडील असं मराठी बोलले की जुन्या बखरीतलं पान कुणी मोठ्यानं वाचतंय असं वाटलं; आणि त्याच वाक्यात ‘सरी, सरी’ — बरं, बरं — म्हणून तमिळ मानही डोलली. अंबुजाचंही तसंच. तिची बोली मला अजून नीट लिहिता येत नाही. पुढे लिहीन ती अंदाजानंच.

ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. दिवसभर तमिळ. आईवडील गेल्यावर तिच्याशी मराठी बोलणारा माणूस मी एकटाच उरलो. तिची एक पक्की समजूत होती — मराठीत बोललेलं बाहेर जात नाही. बसमध्ये समोरच्या माणसाकडे बघत ती खुशाल मोठ्यानं म्हणायची, “पाहा हो, त्या मिशांवर दोन कावळे आरामांत बसतील.” मी दचकायचो. निघायचा एखादा साताऱ्याचा! ती हसायची. “अय्यो, इथें कोणास कळतें?” घराचं दार लावावं तशी ती मराठी लावून घ्यायची, आणि मग आत मन मोकळं करायची.

तिची शाळा उत्तरेला, तोंडियारपेटच्या पुढे, समुद्राच्या अंगाला. दुमजली, पिवळी, आठवीपर्यंतची. समोरून बंदराकडे जाणारा रस्ता. त्यावर दिवसभर कंटेनरच्या लॉऱ्यांची रांग. ती मुख्याध्यापिका झाली तेव्हाच पट घसरू लागला होता. गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघालेल्या — टाय, बूट, पाण्याची बाटली. घरातला मुलगा तिकडे जायचा आणि त्याची बहीण अंबुजाच्या शाळेत. मग त्सुनामी आली. किनाऱ्यावरच्या वस्त्या उठल्या, लोक तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांत गेले. कुणी कोवलमच्या नातेवाइकाकडे, कुणी एन्नोरला. चार महिने मासळीमागे जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मुली बरोबरच.

नियम असा, की मूल बरेच दिवस आलं नाही तर पटावरचं नाव कमी करायचं. परत आलं तर नव्यानं प्रवेश. त्याला कागद लागायचे. आणि कागद तर समुद्रानं नेलेले. आई दारात उभी राहून कागदांची यादी ऐकायची, मान हलवायची आणि मुलीला घेऊन जायची. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी कोळंबी सोलायला. अंबुजानं हे दोन-तीनदा पाहिलं. मग तिनं नावं कमी करणं सोडून दिलं. गेलेल्या मुलीची हजेरी ती लावायची आणि नावाशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यायची. मुलगी परतली की ठिपका पुसायचा. संपलं. कागद नाही, यादी नाही.

हे दोघींनाच माहीत — तिला आणि हजेरीपुस्तकं सांभाळणाऱ्या सेल्वी टीचरला. आणि घरी, मराठीतून, मला.

“हे खोटं आहे, अंबुजा,” मी एकदा म्हणालो.

“असेल. पण माझें खोटें रबरानें पुसतां येतें.”

त्या वर्षी या शाळांवरून गावभर वाद चालला होता. वर्तमानपत्रात रोज काहीतरी. मुलं नसलेल्या छोट्या शाळा बंद करून एक मोठी, चांगली करावी, तिथे संगणक, इंग्रजी माध्यम. की आहे त्याच शाळा सुधाराव्यात? मी नुकताच निवृत्त झालो होतो. आमच्या भागातल्या वाचनालयात सात-आठ निवृत्त माणसं जमायची, त्यांनी महापालिकेला एक निवेदन द्यायचं ठरवलं. माझं मत विलीनीकरणाच्या बाजूचं. आजही आहे. तीन वर्गांना मिळून एक शिक्षक असलेली शाळा मुलींचं काय भलं करते? हे मी घरी अंबुजालाही म्हणत असे, आणि आम्ही जेवताना भांडत असू. ती इंग्रजीच्या विरुद्ध नव्हती. ती म्हणायची, मोठी शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि लॉऱ्यांचा तो रस्ता आई मुलीला ओलांडू देणार नाही. “तुमचें इंग्रजी या बाजूस आणा ना. कोण नको म्हणतें?”

म्हणजे माझी चूक मतात नव्हती, असं मला म्हणायचं आहे का? बहुतेक. पण ते बाजूला ठेवतो.

निवेदनाचा इंग्रजी मसुदा मी केला. कचेरीत आयुष्यभर तेच केलं होतं. वाचून दाखवला. एक निवृत्त मोठे अधिकारी होते, कानात यंत्र, बोलणं तुटक. ते म्हणाले, “छान लिहिता हो तुम्ही. पण हा निबंध झाला. पट खोटे आहेत म्हणता — दाखवा की एखादा.” सगळे माझ्याकडे बघू लागले.

माझ्याकडे दाखवायला होतं.

तिथेच, त्या टेबलावर, मी चार ओळी वाढवल्या. उत्तरेकडच्या एका शाळेत दीर्घकाळ गैरहजर मुलींची हजेरी लावतात, नावापुढे पेन्सिलीचा ठिपका देतात, मुलगी परतल्यावर तो पुसतात. शाळेचं नाव घातलं नाही. अधिकाऱ्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, “याला म्हणतात पुरावा!” ज्याचे मसुदे आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांनी गेले त्याला असं कुणी म्हटलं की काय वाटतं — नको. हे कारण म्हणून सांगू लागलो की थांबायला हवं.

तिनं दार लावून मला सांगितलेलं मी इंग्रजीत करून टेबलावर ठेवलं. नाव घातलं नाही म्हणजे ओळख लपली, असं मला वाटलं. खरंच वाटलं का? की तेवढा विचारच केला नाही?

निवेदन महापालिकेत गेलं. पावसाळ्यानंतर तिथले दोन अधिकारी अंबुजाच्या शाळेत आले. वर्ग पाहिले नाहीत, मुलींना एक प्रश्न विचारला नाही. हजेरीपुस्तकं मागितली, खिडकीशी नेली आणि तिरपी धरली. पेन्सिलीचा ठिपका उजेडात तिरपा धरला की चमकतो. एकानं मोजायला सुरुवात केली. दुसरा अंबुजाला सगळ्या शिक्षिकांसमोर म्हणाला, “बरं टीचर, या ठिपक्यांची अंडी कुणी खाल्ली?”

दुपारच्या जेवणात मुलांना अंडं असायचं. हजेरी जितकी, अंडी तितकी. उरलेली अंडी स्वयंपाकीणबाई ज्यांना भूक असेल त्यांना वाढायची, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. अंबुजानं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता.

त्या संध्याकाळी ती चपला न काढता आत आली आणि खुर्चीत बसली. असं ती कधी करत नसे. मी कॉफी केली. तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, क्रमानं, अंड्यांच्या वाक्यापर्यंत. त्यांना ठिपका माहीत होता, म्हणाली. शोधावा लागला नाही. मग म्हणाली, “दोघींसच ठाऊक होतें. मी, नाहीं तर सेल्वी.”

मी समोर उभा होतो, हातात तिचा पेला. तिनं मला धरलंच नव्हतं. माझ्यावर संशय घेऊन तिनं तो मनातून काढून टाकला, असं नव्हे — मी त्या गणतीत कधी आलोच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लहान मुलानं खात्री करून घ्यावी तसं विचारलं, “सेल्वीच ना हो?”

आणि मी म्हणालो, “दुसरं कोण असणार?”

हे सांगायचं होतं. इतकी पानं मी याच्याभोवती फिरत होतो. त्या चार ओळी एक वेळ उतावळेपणानं लिहिल्या असतील. हे तीन शब्द मी पाहून, समजून, तिच्या डोळ्यांत बघून उच्चारले. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी गप्पही बसलो नाही.

तिचं मुख्याध्यापिकापद गेलं. तिला दुसऱ्या शाळेत साधी शिक्षिका म्हणून पाठवलं. तिच्याआधी तिची गोष्ट तिथे पोचली होती. स्टाफरूममध्ये तिला ‘मुट्टै टीचर’ म्हणायचे — अंड्यांची टीचर. पाठीमागे, पण ऐकू जाईल असं. पुढच्या जूनमध्ये पिवळी शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन झाली. किती मुलींनी रस्ता ओलांडला ते मला माहीत नाही. मी पाहायला गेलो नाही.

सेल्वी अंबुजाहून दहा-बारा वर्षांनी लहान. वर्षानुवर्षं दोघी एकाच डब्यातून दहीभात खायच्या. दर शुक्रवारी सेल्वी एकाच्या जागी दोन गजरे आणायची. तिनं दहा वेळा फोन केला, अंबुजानं घेतला नाही. मग एका रविवारी ती घरी आली. अंबुजा आतल्या खोलीत होती; तिथूनच मराठीत म्हणाली, “मी नाहीं म्हणून सांगा.” सेल्वीला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. दारात उभी राहून ती मला तमिळमध्ये म्हणाली, “सार, अक्कांना तुम्ही सांगा. मी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. माझ्या आईची शपथ. तुमचं ऐकतील त्या.”

मी म्हणालो, “सांगतो.”

ती जिना उतरते न उतरते तोच आतून आवाज आला, “गेली कां?”

“गेली.”

आणि पाहा, आज हे लिहितानाही मी मराठीच निवडली आहे. सेल्वीला वाचता न येणारी. याला धैर्य म्हणू नका, मीही म्हणत नाही.

दोन वर्षांनी अंबुजा आजारी पडली. दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. सेल्वीचं नाव तिनं त्या काळात एकदाही काढलं नाही. मग एका दुपारी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, “कागद घ्या. सेल्वीस पत्र लिहायचें. मी तिला माफ केलें म्हणून.”

तेव्हा तरी? डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला — नको, डॉक्टरांना मध्ये आणत नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. पंखा चालू होता. तिला पूर्ण शुद्ध होती, आणि मला एक वाक्य बोलायचं होतं. मी कागद घेतला.

तिनं तमिळमध्ये सांगितलं, मी माझ्या वाकड्या तमिळ अक्षरांत लिहीत गेलो. “मोठें काढा अक्षर, तिला दिसत नाहीं.” पत्रात तिनं लिहवून घेतलं की माणसाच्या हातून चुका होतात, तुलाही कुणी धमकावलं असेल, विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही, आता माझ्या मनात काही नाही, आठवण येते. खाली सही केली. मी तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो. परत आलो तर तिचा चेहरा हलका झालेला. त्या दिवशी तिनं दोन घास रसम-भात जास्त खाल्ला. मला म्हणाली, “हें आधींच करायला हवें होतें.”

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

सेल्वीला मी कळवलं नव्हतं. तिला कुठून तरी कळलं, आणि सगळं आटोपल्यावर महिन्याभरानं ती आली. केस बरेच पांढरे झालेले. बसा म्हटलं, बसली नाही. फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. मग पिशवीतून ते पत्र काढलं, घडीही न मोडता टेबलावर ठेवलं.

“सार, हे माझं नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कधीपासून कळलं असेल? दारात ‘सांगतो’ म्हणालो तेव्हाच? की माझं अक्षर पाहून? तिच्या नजरेत राग नव्हता, प्रश्नही नव्हता.

“अक्का गेल्या,” ती म्हणाली. “आता मला कुणाला काही पटवायचं उरलं नाही.”

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. ती सावकाश उतरत गेली. गुडघे दुखत असावेत. मधल्या वळणावर कठड्याला धरून ती थांबली. मी वर दारात उभा होतो. ती इतकी जवळ होती की हळू आवाजात बोललो असतो तरी तिला ऐकू गेलं असतं.

मी दार लावलं.