बानूच्या परीक्षेला माझे दात

पहिला आला तो घोडा. गेल्या साली यानेच माझी भेंडी फस्त केली होती, आणि यंदा तोंड असं, जसा मामाच्या घरी पाहुणा आलाय. मागून बिरू धनगर, त्याची बायको सखू, लेक बानू आणि सगळा कळप. दरसाल घाटावरून उतरतात, गव्हाणला आमच्या शेतात चार दिवस मेंढ्या बसवतात. आम्हाला खत, त्यांना तांदूळ.

शेजारची यमुना लगेच कुजबुजली, "पोरीच्या हातात मोबाईल दिलाय. बिघडंल."

मी म्हटलं, "तुजा नातू बारा महिने मोबाईलवर हाय, तो कदी सुदारला?"

बानूची शाळाच त्या मोबाईलात. त्यांच्या घाटावरच्या गावचे नवे गुरुजी धडा बोलून पाठवतात, ती घोड्यामागे चालता चालता ऐकते. मी दुसरी शिकलेली, ती माझ्याही चुका काढते. बुधवारी चार वाजता गुरुजी मोबाईलवर समोर दिसून परीक्षा घेणार होते. नापास झाली तर बिरू तिला वसतिगृहात ठेवणार, आईपासून लांब.

मंगळवारी ती मंडळी नेऱ्याकडे निघून गेली. बुधवारी सकाळी माझ्या देवघरात मेंढी ओरडली. खाटेखालीसुद्धा काठी घालून शोधली, तर काय, देवांच्या शेजारी बानूचा मोबाईल. चार्जिंगला लावलेला, तसाच राहिलेला. मेंढीचा आवाज ही त्याची घंटी.

निघाले मग. गव्हाणहून पनवेलला बस आहे, पण वाट बघायला लावते. सोबत शेंगदाणे ठेवा. स्टँडजवळ वडापाव खाल्ला, चटणी सुकीच मागा. नेऱ्यापर्यंत रिक्षात माणसं भरून नेतात. कडेला बसू नका, अर्धं अंग बाहेर राहतं. पुढे वेगळी रिक्षा केली.

"आजी, पत्ता काय?"

"लेंड्या बघत चल."

पत्ता अगदी बरोबर निघाला. आंब्याखाली घोडा दिसला, तेव्हा चारला पाच मिनिटं होती. बानू रडून सुजली होती. मोबाईल हातात पडताच बांधावर चढली, कारण रेंज तिथेच.

वाचन फर्डं झालं. मग गुरुजी म्हणाले, "आता तुमच्या मेंढ्या मोजून सांग."

 बिरूच्या घरात मेंढ्या मोठ्याने मोजत नाहीत, कळपाला नजर लागते. बानूने बापाकडे पाहिलं, त्याने 'नको' अशी मान हलवली.

"बानू, मोजता येत नाही का?"

सखूने पदर तोंडात धरला. मी बांधावर चढले, मोबाईलसमोर बसून आ वासला.

"गुरुजी, त्यांच्यात मेंढ्या मोजत नाय. माजे दात मोजू द्या. यांना नजर लागून आनखी काय व्हायचंय?"

बानू बोट लावून मोजायला लागली. "वर सात, खाली चार. अकरा."

"माणसाला दात बत्तीस. आजीचे पडले किती?"

"एकवीस," बानू म्हणाली. "उरलेले बी हलत्यात."

गुरुजी इतके हसले की मोबाईलात नुसतं छत दिसायला लागलं. बानू पास. बिरू म्हणाला, "राहू दे पोरीला आमच्याबरोबरच," आणि सखूने मला बाजरीची भाकरी दूध घालून दिली. उरलेल्या दातांना तेवढीच जमते.

घरी येऊन आरशात पाहिलं, तर अगदी मागे एक दाढ लपलेली. म्हणजे बारा. गुरुजींना कोणी कळवू नका.

पुढच्या साली तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी परत उतरतो, असं बिरू म्हणालाय, आणि बानू पुन्हा मोजणार आहे. तोवर बाराही सांभाळायचेत.